कंत्राटदार गेला, कामाची जाण कुणाकडे?

गावातील घराचा नमुना आठचा उतारा हवा असला, की गावकरी हल्ली सरपंच किंवा ग्रामसेवक कुठे आहेत असे विचारत नाही. ‘कॉम्प्युटरवाला आला का?’ असे विचारतो. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील चौदा तालुक्यांत तेराशेहून अधिक ग्रामपंचायती आहेत. तेथील दाखले, घरपट्टीच्या नोंदी, जमाखर्च आणि योजनांची माहिती संगणकात भरण्याचे काम वर्षानुवर्षे प्रामुख्याने या कॉम्प्युटरवाल्याने, सरकारी भाषेत संगणक परिचालकाने, केले. तो ग्रामपंचायतीचा कर्मचारी नव्हता आणि जिल्हा परिषदेचाही नव्हता. शासनाने ज्या कंपनीशी करार केला, त्या कंपनीमार्फत तो खुर्चीवर बसला होता. मानधन आणि सेवेत कायम करण्याची मागणी घेऊन हे परिचालक मुंबईच्या आझाद मैदानावर किंवा नागपूरच्या अधिवेशनावर मोर्चाने गेले, की गावातील संगणक काही नाहीसा होत नसे. वीज असे, इंटरनेट असे, कार्यालयाची किल्लीही ग्रामसेवकाच्या खिशात असे. तरीही कामे खोळंबत. कारण कोणत्या नोंदीत काय भरले आहे आणि ते तसेच का भरले आहे, हे ठाऊक असणारा माणूस मोर्चात असे.

माहिती तंत्रज्ञानाचे काम बाहेरच्या कंत्राटदाराला देणे, म्हणजेच आऊटसोर्सिंग, ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. बँका, महापालिका, विद्यापीठे, साखर कारखाने सर्वच जण ते करतात आणि त्यात मुळात गैर काही नाही. प्रत्येक ग्रामपंचायतीने स्वतःचा प्रोग्रामर नेमावा, असे कोणी म्हणणार नाही. तथापि काम बाहेर देताना त्या कामाची जाणही हळूहळू बाहेर जाते, आणि करार संपला म्हणून ती आपोआप परत येत नाही. करारपत्रात संगणकांची संख्या असते, मनुष्यबळाची संख्या असते, दरमहा द्यावयाची रक्कम असते. जाण कुणाच्या मालकीची, याविषयी बहुधा एक ओळही नसते.

महाराष्ट्रात याचा मोठा प्रयोग २०११ मध्ये सुरू झाला. केंद्राच्या ई-पंचायत कार्यक्रमाखाली राज्यातील सुमारे २८ हजार ग्रामपंचायतींसाठी ‘संगणकीय ग्रामीण महाराष्ट्र’, अर्थात ‘संग्राम’ हा प्रकल्प आखण्यात आला. राज्य शासन आणि टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस यांच्या संयुक्त भागीदारीतील महाऑनलाइन या कंपनीकडे तो सोपवला गेला. हा करार २०१५ च्या अखेरीस संपला. पुढे २०१६ मध्ये ‘आपले सरकार सेवा केंद्र’ या नावाने नवी व्यवस्था आली आणि तिचे काम केंद्र सरकारने स्थापन केलेल्या सीएससी ई-गव्हर्नन्स सर्व्हिसेस या कंपनीला मिळाले. प्रकल्पाचे नाव बदलले, कंपनी बदलली, सॉफ्टवेअर बदलले. अनेक गावांत बदलला नाही तो एकच घटक: खुर्चीवर बसणारा परिचालक. सहा हजारांच्या आसपास मानधन घेणाऱ्या या तरुणामुळेच दोन करारांमधील दरी गावाला फारशी जाणवली नाही. ज्या गावांत तो दुसरीकडे नोकरी पाहून निघून गेला होता, तेथे मात्र नव्याने येणाऱ्याला श्रीगणेशा करावा लागला.

तो नेमके काय जाणत होता, हे पाहण्यासारखे आहे. ग्रामपंचायतीच्या लेखासंहितेत एकूण ३३ नमुने आहेत. नमुना आठ म्हणजे कर आकारणीची नोंदवही, नमुना नऊ म्हणजे कर मागणीची. वरवर पाहता काम सोपे: जुन्या वहीतील नाव, घराचे वर्णन, क्षेत्रफळ संगणकात भरायचे. परंतु गावातील घर हे सॉफ्टवेअरच्या रकान्यात बसेल असे क्वचितच असते. समजा, एका घराचा अर्धा भाग धाब्याचा आहे, उरलेल्या अर्ध्यावर पत्रे आहेत, आणि पडद्यावर मात्र एकच प्रकार निवडण्याची सोय आहे. एकाच आळीत एकाच नावाची दोन माणसे आहेत. वडिलांची नावेही सारखीच. एका घराची नोंद अजून आजोबांच्या नावे आहे, कारण भावांचा वाद कोर्टात आहे. परिचालक अशा प्रत्येक ठिकाणी काही तरी तोड काढतो. कुठे शेरा लिहितो, कुठे घर क्रमांकापुढे ‘अ’ जोडतो, कुठे ग्रामसेवकाला विचारून जास्त कराचा प्रकार निवडतो. त्या तोडीमागचे कारण मात्र कोठेही लिहिले जात नाही. ते त्याच्या डोक्यात राहते आणि दोन वर्षांनी बदलून गेलेल्या ग्रामसेवकाच्या अंधूक आठवणीत.

त्यात नियमही बदलत असतात. घरपट्टीची आकारणी क्षेत्रफळाऐवजी मालमत्तेच्या भांडवली मूल्यावर करण्याचे नवे नियम २०१५ च्या अखेरीस आले; म्हणजे जुना कंत्राटदार निघून जात असतानाच. ज्या काळात प्रत्येक घराची नोंद नव्याने तपासायला हवी, नेमक्या त्याच काळात नोंदी भरणारी यंत्रणा हात बदलत होती. याचा फटका बसतो तो ज्याची नोंद चुकली त्या घरमालकाला. वाढीव मागणीचे बिल हाती पडते, तो कार्यालयात येतो, आणि ‘कॉम्प्युटरमध्ये असेच दिसते’ एवढेच उत्तर त्याला मिळते. कॉम्प्युटरमध्ये असे का दिसते, हे सांगणारे कोणी उरलेले नसते.

माहिती जपली म्हणजे जाण जपली, असा एक समज आहे. डेटाची प्रत घेतली, ती दोन ठिकाणी ठेवली, की काम झाले असे मानले जाते. हा समज किती अपुरा आहे, याचा अनुभव महाराष्ट्राने नुकताच घेतला. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामानिमित्त कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा जुनी दप्तरे बाहेर काढली गेली. कागद होते, शाई टिकून होती; पण मजकूर मोडीत होता. ती लिपी वाचू शकणारी माणसे शोधून आणावी लागली. एके काळी प्रत्येक गावच्या कुलकर्ण्याला जे सहज वाचता येत होते, ते तीन-चार पिढ्यांत तज्ज्ञांचे काम होऊन बसले. संगणकातील नोंदींच्या बाबतीत हे व्हायला तीन पिढ्या लागत नाहीत. एक करार पुरतो. रकान्यात ‘९९’ हा आकडा दिसतो. तो खरा आकडा आहे, की ‘माहिती उपलब्ध नाही’ यासाठी कुणी योजलेली खूण आहे, हे फक्त योजणाऱ्यालाच ठाऊक असते.

मग सगळे लिहून ठेवावे, हा स्वाभाविक उपाय. करारात तशी अटही घालता येते: कंत्राटदाराने जाताना संपूर्ण माहितीपुस्तिका द्यावी. तो ती देतोही. शे-दोनशे पानांची, चित्रांसह. या उपायाची मर्यादा डेन्मार्कचे संगणकशास्त्रज्ञ पीटर नॉर यांनी १९८५ मध्ये लिहिलेल्या एका निबंधात दाखवून दिली होती. त्यांनी दिलेले उदाहरण असे: एका गटाने एक कंपायलर, म्हणजे प्रोग्रामचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारे सॉफ्टवेअर, तयार केले. दुसऱ्या गटाला त्यात भर घालायची होती. पहिल्या गटाने त्याला सर्व कागदपत्रे दिली, प्रोग्रामचा टिपांसह मजकूर दिला, वर सल्लाही दिला. तरीही दुसऱ्या गटाने सुचविलेल्या दुरुस्त्या मूळ रचनेच्या मुळावर उठणाऱ्या होत्या, आणि हे पहिल्या गटाला पाहताक्षणीच कळत होते. कागदावर ‘काय’ आणि ‘कसे’ उतरले होते. कोणती भर या रचनेला मानवेल आणि कोणती नाही, ही समज कागदावर उतरलेली नव्हती. नॉर यांच्या मते प्रोग्राम खऱ्या अर्थाने जिवंत असतो तो तो रचणाऱ्यांच्या मनात, आणि ती मंडळी पांगली की तो चालू असला तरी मृतवत होतो. पुस्तिका निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नव्हे. ती एकटी पुरत नाही, एवढाच.

याच्या उलट टोकाचा धोकाही महाराष्ट्राच्या परिचयाचा आहे. कुलकर्णी वतनाच्या काळात गावचे दप्तर एका घराण्याकडे असे. जाण बाहेर जाण्याचा प्रश्नच नव्हता. ती पिढ्यानपिढ्या एकाच वाड्यात मुरलेली होती. पण म्हणूनच ती सत्ता झाली. कुळाच्या नावापुढे काय लिहायचे, हे जाणणारा आणि लिहिणारा एकच असल्यावर त्याला प्रश्न कोण विचारणार? १९५० च्या कायद्याने परगणा व कुलकर्णी वतने रद्द झाली आणि पगारी, बदलीपात्र तलाठी आला. आजचा परिचालक तुटपुंज्या मानधनावर राबणारा असल्याने ही तुलना त्याच्यावर अन्याय करणारी वाटेल, आणि काही अंशी ती आहेही. तरी एकाच माणसाला सर्व ठाऊक असणे हे गावाच्या आणि त्याच्याही हिताचे नाही. आजारी पडला तरी त्याला सुटी मिळत नाही, आणि नोंदीत चूक निघाली की बोट त्याच्याकडेच जाते.

ग्रामपंचायतीचे उदाहरण लहान वाटत असेल, तर जिल्ह्याच्या अर्थकारणाचा कणा असलेल्या सहकाराकडे पाहावे. प्रवरानगर येथे १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि त्यानंतर या जिल्ह्यात कारखान्यांची मालिकाच तयार झाली. ऊसबिलाचा हिशेब वाटतो तितका सरळ नसतो. वजनकाट्यावरील टनेजला दराने गुणले की रक्कम निघते, पण ती शेतकऱ्याच्या हाती जशीच्या तशी पडत नाही. सोसायटीच्या पीककर्जाची वसुली त्यातूनच होते, कारखान्याने उधार दिलेले बेणे-खत त्यातून वळते होते, ठेवींच्या कपाती असतात. ऊस मुलाच्या नावे नोंदलेला, कर्ज मात्र वडिलांच्या खात्यावर, अशी प्रकरणे गटागटांत असतात आणि चिटबॉयपासून हिशेबनिसापर्यंत सगळ्यांना ती तोंडपाठ असतात. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस तुटून गेल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाल्यास व्याज. ही सगळी गुंतागुंत ज्या सॉफ्टवेअरमध्ये बसवलेली असते, ते बाहेरच्या कंपनीने वर्षानुवर्षे ठिगळे जोडत तयार केलेले असेल, तर ऐन हंगामात ती कंपनी बदलण्याचे धाडस कोणताही शहाणा कार्यकारी संचालक करणार नाही. येथे खरी गोम आहे. जाण गमावलेली संस्था कंत्राटदाराशी भावाची घासाघीसही करू शकत नाही. त्याने सांगितलेली दुरुस्ती दोन दिवसांची की दोन महिन्यांची, हे तिला कळत नाही.

बँकांच्या बाबतीत हे अवलंबित्व एका रात्रीत उघडे पडू शकते. ३१ जुलै २०२४ रोजी सी-एज टेक्नॉलॉजीज या सहकारी आणि ग्रामीण बँकांना संगणकीय सेवा पुरवणाऱ्या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने खबरदारी म्हणून या कंपनीला देयक यंत्रणेपासून तात्पुरते तोडले आणि देशभरातील सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय व एटीएमचे व्यवहार थांबले. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली. हल्ल्याची वाट कंत्राटदाराच्याही कंत्राटदाराकडून, त्याच्या नीट न मांडलेल्या एका सर्व्हरमधून गेली, असे सायबर सुरक्षा क्षेत्रातील एका कंपनीने पुढे मांडले. शाखेत खिडकीमागे बसलेल्या कर्मचाऱ्याजवळ ग्राहकाला सांगण्यासारखे त्या दिवशी फारसे काही नव्हते, कारण आपली यंत्रणा नेमकी कुणाकुणाच्या खांद्यावर उभी आहे याची कल्पनाच अनेकांना नव्हती.

रिझर्व्ह बँकेने १० एप्रिल २०२३ रोजी माहिती तंत्रज्ञान सेवांच्या आऊटसोर्सिंगविषयी सविस्तर निर्देश काढले आणि ते त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून लागू झाले. काम बाहेर दिले तरी जबाबदारी बँकेचीच राहते, हे त्यांचे मुख्य सूत्र. कंत्राटदार सोडून गेला किंवा काढावा लागला तर काम कसे चालेल, याची योजना आधीच तयार हवी, असेही त्यांत आहे. मात्र नागरी सहकारी बँकांपैकी एक हजार कोटींहून अधिक ठेवी असलेल्या वरच्या दोन श्रेणींनाच ते लागू आहेत. त्याखालील लहान बँका त्यांच्या कक्षेबाहेर राहतात. आणि ज्या पतसंस्थांचे जाळे नगर जिल्ह्यात गावोगाव आहे, त्या तर रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखालीच नाहीत, राज्याच्या सहकार खात्याखाली आहेत. ज्यांच्याकडे स्वतःचा तंत्रज्ञ नेमण्याची ऐपत सर्वांत कमी, त्यांनाच विचारणारे कोणी नाही, अशी ही परिस्थिती आहे.

हा केवळ ग्रामीण किंवा गरीब देशांचा प्रश्न आहे, असेही नाही. ब्रिटनच्या प्राप्तिकर खात्याने १९९४ मध्ये आपला संगणक विभाग ईडीएस या अमेरिकी कंपनीला दिला, त्यातील सरकारी कर्मचाऱ्यांसह. दहा वर्षांनी, २००४ मध्ये, कंत्राट कॅपजेमिनीकडे गेले. आणि कर्मचारीही मोठ्या संख्येने एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत गेले, कारण कराची ती जुनी यंत्रणा समजणारे तेच होते. २०१७ मध्ये हा करार संपताना खात्याने स्वतःची कंपनी काढून त्यांतील अनेकांना पुन्हा आपल्याकडे घेतले. लंडन असो की पारनेर-पाथर्डी, खुर्चीवरचा माणूस टिकला म्हणून काम टिकले. फरक एवढाच की तेथील खात्याने अखेर त्या माणसाची किंमत ओळखून त्याला पदरी घेतले.

मग करावे काय? एक नमुना महसूल खात्याच्या अनुभवात सापडतो. हस्तलिखित सातबारा आणि संगणकातील सातबारा यांत तफावती असल्याचे लक्षात आल्यावर २०१७ मध्ये राज्यभर चावडी वाचनाची मोहीम घेण्यात आली. संगणकातील उतारे गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचायचे, ज्याच्या जमिनीची नोंद चुकली असेल त्याने तेथेच आक्षेप घ्यायचा. त्यानंतर, १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचे सातबारे मिळू लागले. मोहिमेत सर्व चुका निघाल्या, असा दावा कोणी करणार नाही. तरी वाचनाने एक गोष्ट साधते: परिचालकाच्या किंवा तलाठ्याच्या एकट्याच्या डोक्यात असलेले कारण चारचौघांत बोलले जाते. नमुना आठचे असे वाचन कंत्राट संपण्यापूर्वी, जुना परिचालक समोर बसलेला असताना घेतले, तर ‘हे असे का?’ या प्रश्नाचे उत्तर देणारा हजर असेल.

नगर तालुक्यातील हिवरे बाजारचे उदाहरण पाण्यासाठी दिले जाते. ते येथेही उपयोगी पडते. तेथे पाऊस गावातच मोजला जातो, विहिरींची पातळी पाहिली जाते आणि पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून कोणती पिके घ्यायची ते ठरते. भूजलशास्त्र गावाने शोधून काढलेले नाही. ते बाहेरच्या जाणकारांकडून घेता येते. आकड्यांचा अर्थ लावण्याचे काम मात्र गावाने कुणाला ठेक्याने दिले नाही. संगणकाच्या कामातही हीच रेषा आखता येईल. प्रोग्राम लिहिणे, सर्व्हर सांभाळणे, दुरुस्त्या करणे खुशाल बाहेर द्यावे. कोणती नोंद कशी धरायची हा निर्णय, आणि त्याचे कारण, संस्थेच्या वहीत राहिले पाहिजे. तारीख, अडचण, घेतलेला निर्णय, निर्णय घेणाऱ्याचे नाव: चार रकान्यांची साधी वही पुरते. ३३ नमुन्यांत अशा वहीला आज जागा नाही.

यापुढील भाग थोडा कष्टाचा आहे. महिन्यातून एक दिवस परिचालकाने शेजारी बसून नुसते पाहावे आणि ग्रामसेवकाने, म्हणजे २०२४ पासूनच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याने, स्वतः दाखला काढावा, नोंद बदलावी, हिशेब चढवावा. पतसंस्थेत हेच व्यवस्थापकाने करावे. कुठे अडते, ते पहिल्याच दिवशी कळेल. पासवर्ड कुणाच्या मोबाईलवर येतो, ही किरकोळ वाटणारी गोष्टही त्याच दिवशी उघड होते. आणि तो मोबाईल कंत्राटदाराच्या माणसाचा निघणे मुळीच असंभव नाही.

करारातही काही गोष्टी स्पष्ट हव्यात. डेटाची मालकी संस्थेची, आणि तो कोणत्याही दुसऱ्या सॉफ्टवेअरला वाचता येईल अशा स्वरूपात दर तिमाहीला संस्थेच्या हाती. त्यासोबत प्रत्येक सांकेतिक आकड्याचा अर्थ. खास आपल्यासाठी सॉफ्टवेअर बनवून घेतले असेल, तर त्याचा मूळ प्रोग्रामही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जुना व नवा कंत्राटदार दोघेही एकत्र काम करतील असा किमान दोन महिन्यांचा काळ, ज्यात पहिला महिना नवा पाहील आणि दुसऱ्या महिन्यात नवा करील व जुना पाहील. जाणाऱ्या कंपनीला यात रस नसतो, हे उघड आहे. म्हणून शेवटच्या देयकाचा काही हिस्सा या हस्तांतरावर अवलंबून ठेवावा लागतो.

यासाठी पैसे लागतात, आणि गाडी बहुतेकदा तेथेच अडते. दोन महिने दोन कंत्राटदारांना मोबदला देणे लेखापरीक्षकाला उधळपट्टी वाटते आणि निविदा समितीला सर्वांत कमी दराची निविदा निवडणे सुरक्षित वाटते. ‘आपले सरकार’च्या व्यवस्थेत ग्रामपंचायतींच्या निधीतून एका केंद्रामागे दरमहा बारा हजारांहून अधिक रुपये जात आणि परिचालकाच्या हाती त्यातील साधारण निम्मे पडत, ही परिचालकांच्या संघटनांची जुनी तक्रार. उरलेल्या रकमेत सॉफ्टवेअर, साहित्य, देखभाल, प्रशिक्षण असे सारे काही होते. गावच्या नोंदींची जाण ज्याच्याकडे होती, त्याला ती दुसऱ्या कुणाला शिकवण्यासाठी मिळणारा मोबदला मात्र त्यात कोठेच नव्हता.